शेवटाला खारट

परवा उन्हं कलताना पन्हाळ्याकडून परत येत होतो. पंचगंगेच्या पुलाअलीकडं गुऱ्हाळाचा वास आला आणि मी स्कूटर कडेला घेतली. हेल्मेट काढलं, डोळे मिटले, नाक वर करून उभा राहिलो. आधी चिपाडाचा धूर. त्याच्या पोटात उकळत्या रसाचा गोडसर, हिरवट वास. आणि सगळ्यात मागं, लक्ष दिलं तरच कळेल असा, काहिलीच्या काठाला लागून करपलेल्या गुळाचा कडवट धागा. वासाचे असे पदर सोडवायला मला रीतसर शिकवलेलं आहे. प्रमाणपत्र आहे माझ्याकडं.

"काय पावणं, पेट्रोल संपलं काय?" मोटरसायकलवरचा एकजण मागं थांबला होता.

"नाही. वास घेतोय."

"कशाचा?"

"गुळाचा."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, मग पुढं वाकून माझाच वास घेतला. काही सापडलं नसावं. "सावकाश जावा," म्हणाला आणि गेला.

त्याची शंका तशी अगदीच वाऱ्यावरची नव्हती. तीन हिवाळ्यांपूर्वी, ह्याच दिवसांत, मी वाईन शिकत होतो. प्यायला नव्हे, चाखायला. हा फरक मी त्या वेळी अख्ख्या गल्लीला समजावून सांगितला होता. गल्लीनं तो मान हलवत ऐकून घेतला होता, घरच्यांनी डॉक्टरकडं न्यायचं ठरवलेल्या माणसाचं बोलणं ऐकून घेतात तसा.

मी भूगोलाचा मास्तर. तोवर एकतीस वर्षं नववीच्या पोरांना सांगत आलो होतो की भूमध्य सागरी हवामानाच्या प्रदेशात द्राक्षे, ऑलिव्ह आणि लिंबूवर्गीय फळे होतात. त्या द्राक्षांचं पुढं काय होतं हे पुस्तकात नव्हतं आणि पोरांनी कधी विचारलं नाही. पोरांना माहीत असावं. मला कळलं ते मुलीचं लग्न ठरताना, पुण्यात, होणाऱ्या व्याह्यांच्या दिवाणखान्यात. त्यांनी उंच दांडीच्या ग्लासातून लाल वाईन पुढं केली. मी ती ताकासारखी एका दमात संपवली, मिशा पुसल्या आणि म्हणालो, "जरा बर्फ असता तर." व्याही हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. परतीच्या एसटीत माझी बायको, सुनीता, साताऱ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. साताऱ्याला म्हणाली, "अहो, निदान सोडा तरी मागायचा नव्हता." मी सोडाही मागितला होता, हे तोवर मी विसरलो होतो.

त्याच हिवाळ्यात पेपरात जाहिरात आली. सहा रविवार, दुपारी, ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये: देशोदेशीच्या वाईन चाखायला शिका. मी टोपी घालून गेलो. कुणी ओळखू नये म्हणून. पहिल्याच रांगेत आमच्या शाळेतल्या एका पोराचे वडील, दातांचे डॉक्टर, बसले होते. "या सर," ते म्हणाले, "मला वाटलं मीच एकटा बिघडलोय."

शिकवायला नाशिकहून शर्वरी मॅडम यायच्या. माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. प्रत्येकापुढं सहा ग्लास आणि एक स्टीलचं भांडं. मी त्या भांड्यात बर्फ शोधला. ते थुंकायचं भांडं होतं. घोट घ्यायचा, तोंडात खेळवायचा, थुंकून टाकायचा. आता माझ्यासारख्या माणसाला, ज्याला लहानपणी ताटातलं शीत टाकलं म्हणून मार बसलाय, चांगली वस्तू थुंक म्हणायचं? मी गिळत गेलो. चौथ्या ग्लासाला मला जगातली प्रत्येक वाईन उत्कृष्ट वाटायला लागली आणि मी डॉक्टरांना नैर्ऋत्य मोसमी वारे समजावून दिले. त्यांनीही मला अक्कलदाढ समजावून दिली. दुसऱ्या रविवारपासून आम्ही दोघंही थुंकायला लागलो.

अडचण पुढंच होती. मॅडम विचारायच्या, कशाचा वास येतोय? पुस्तकातली उत्तरं सगळी परक्या मुलखातली. ब्लॅकबेरी म्हणे. मी जन्मात ब्लॅकबेरी चाखलेली नाही. "करवंद म्हटलं तर चालेल का?" मी विचारलं. "चालेल काय सर, तेच म्हणा. जे खाल्लंय तेच सांगा." मग माझी भीड चेपली. फ्रान्सच्या एका जुन्या वाईनला मी 'चप्पल गल्लीत नवीन जोड नाकाशी धरल्यासारखा' असं म्हणालो. बरोबर निघालं, कमावलेल्या कातड्याचा वास तिच्यात असतोच. दुसऱ्या एकीला निपाणीची तंबाखूची वखार लागली. जर्मनीच्या एका पांढऱ्या वाईनला मी मुद्दाम चेष्टेनं म्हणालो, "मॅडम, हिला पेट्रोल पंपाचा वास येतोय." हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शाबास. ह्या द्राक्षाची ती खूणच आहे."

झालं. त्या दिवसापासून माझ्या अंगात वारं शिरलं. घरी पांढरा रस्सा ग्लासात घेऊन गोल फिरवायला लागलो. आमटी नाकाशी धरून डोळे मिटायला लागलो. सुनीता म्हणायची, "अहो, मास्तर, तो रस्सा हाय. गरगर फिरवू नका, शर्टावर सांडंल. आणि कशाचा वास येतोय त्यो आधी मला सांगू नका. मला म्हाईत हाय. मीच घातलंय त्यात सगळं."

पण एक गोष्ट मात्र मला मनापासून भिडली होती. एकच द्राक्ष नाशिकच्या उतारावर लावलं तर वेगळं, चिलीत वेगळं, फ्रान्सच्या चुनखडीत वेगळं. माती, ऊन, नदी किती लांब आहे, सगळं त्या घोटात उतरतं. मॅडम म्हणायच्या, "ही वाईन नाही, हा नकाशा आहे." एकतीस वर्षं मी नकाशा भिंतीला टांगत होतो, तो जिभेवर ठेवता येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्या म्हणायच्या, गिळल्यावर घाई करू नका. मनात आकडे मोजा. चव कितीपर्यंत टिकते आणि जाताजाता काय ठेवून जाते, तो तिचा 'शेवट'. खरं काय ते शेवटाला कळतं. ह्या सगळ्याची एक छापील वही आम्हाला दिली होती. प्रत्येक पानावर रकाने: रंग, वास, चव, शेवट. आणि सगळ्यात खाली एक ओळ: चाखणारा.

हे ऐकताना मला आठवले ते अण्णा, माझे वडील. आठवले कसले, मीच त्यांना तिथं ओढून आणलं.

अण्णांचं आयुष्य गुळाच्या बाजारात गेलं. मार्केट यार्डात एका अडत्याकडं ते पारखीचं काम करायचे. गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, पुढं आला की कोपऱ्यावर सुरीनं टिचवायचं, खडा उजेडाकडं धरायचा, बोटांत चुरडायचा, मग जिभेवर. दोन रव्यांच्या मधे चार फुटाणे चावायचे, जीभ कोरी करायला. मॅडम आम्हाला पावाचे तुकडे द्यायच्या, तेच. आणि मग अण्णा सांगायचे: हा वारणेकाठचा. हा भोगावतीचा. ह्यात रस निवळायला घालायचा भेंडीचा चिक जास्त पडलाय. ह्या गुळव्याला घाई होती, पाक लवकर उतरवलाय. लहानपणी मी त्यांना शाळेतल्या जादूगारापेक्षा मोठा समजायचो. मोठा झाल्यावर विसरलो, कारण त्यांच्याकडं प्रमाणपत्र नव्हतं.

पाचव्या रविवारी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मॅडम, हे नदी ओळखायचं काम आमचे वडील एका खड्यावर करतात." मॅडमचे डोळे चमकले. "आणाल त्यांना पुढच्या वेळी?" आणतो की! मला विचारायला कुणी लागतंय होय.

अण्णा नको म्हणाले. "कशाला रं ते आता?" एकदा नाही, तीनदा म्हणाले. मला वाटलं, विनय. ऐंशीच्या माणसाचा विनय. त्या हिवाळ्यात माझं नाक जर्मनीतला पेट्रोल पंप ओळखत होतं, पण दीड वर्ष आमच्याच पंगतीत बसून एक माणूस प्रत्येक भाजीला "बरं झालंय" एवढंच म्हणतोय, हे मला ऐकू आलं नव्हतं. पूर्वी हेच अण्णा मीठ चिमूटभर कमी पडलं तर ताट सरकवायचे.

शेवटचा रविवार. अण्णांनी धोतर, कोट, इस्त्रीची टोपी, सगळं घातलं. मी आदल्या दिवशी चार ठिकाणचा गूळ गोळा केला होता: वारणेकाठचा, भोगावतीकाठचा, कुरुंदवाडकडचा, आणि कासारीकाठच्या बाजीराव पाटलांचा. बाजीरावदादा हे अण्णांचं जुनं गिऱ्हाईक, दोस्तच म्हणायचे. वर्गातल्यासारखं दिसावं म्हणून मी चारही गुळांच्या कडा तासल्या, एकसारखे चौकोनी तुकडे पाडले, प्रत्येकाला टूथपिक टोचली. आणि रंगावरून ओळखलं असं कुणी म्हणू नये म्हणून खिशातून पांढरा रुमाल काढला.

"डोळे बांधायची गरज नाही, सर," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम. व्हायचं तर पक्कं होऊ दे."

मी माझ्या हातानं अण्णांचे डोळे बांधले. गाठ टोपीखाली बसवली. अण्णांनी पहिल्या तुकड्याकडं हात नेला, बोटांत धरून चुरडायला लागले. मी त्यांचा हात बाजूला केला. "बोटं नकोत अण्णा. टूथपिकनं."

"व्हय?" अण्णा म्हणाले. "बोटं पण न्हाईत?"

तो प्रश्न मला आजही ऐकू येतो. त्या वेळी मी हसलो होतो.

पहिला तुकडा. जबडा हलत राहिला. कपाळावर आठी नाही, काही नाही. "थांब की," म्हणाले. फुटाणे. दुसरा. फुटाणे. तिसरा. चौथा. मग अण्णा म्हणाले, "सगळं एकच हाय." हॉल हसला, डॉक्टरांनी तर टाळी वाजवली. सगळ्यांना वाटलं, म्हातारा बेरकी आहे. मलाही तेच वाटलं, आणि रागही आला. नववीच्या पोरांना म्हणतो त्या आवाजात मी म्हणालो, "अण्णा, चेष्टा नको. नीट सांगा."

अण्णांनी स्वतःच रुमाल सोडला. चौपदरी घडी करून माझ्या हातात दिला.

"चेष्टा न्हवं," ते म्हणाले. "मला चव कळत न्हाई. त्या तापानंतर गेली. दीड वर्स झालं." मग मॅडमकडं वळून, "माफ करा बाई. पोरगं हौसेनं घिऊन आलं, त्येचं मन मोडवंना."

मॅडम उठल्या. उरलेल्या तुकड्यांची बशी घेऊन त्यांच्यापुढं खाली बसल्या, टूथपिका काढून टाकल्या. "आजोबा, बघून, हात लावून सांगता येईल?"

अण्णांनी एक तुकडा उजेडात धरला, फिरवला आणि खाली ठेवला. "कडा तासल्यात," म्हणाले. "आता कशावरनं सांगू?"

त्याच दिवशी, अर्ध्या तासानं, मला प्रमाणपत्र मिळालं. टाळ्याही वाजल्या. कोटात अंग चोरून बसलेल्या अण्णांनीही वाजवल्या.

अण्णा स्कूटरवर मागं बसले. रंकाळ्याच्या कडेनं येताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, तेवढाच. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन सुनीताला सगळं सांगितलं, मोठी बातमी सांगावी तसं. ती कणीक मळत होती. मळतच राहिली.

"मला कवाच कळलंय," ती म्हणाली. "पाडव्याला आमटीत मीठ घालायचं विसरले होते. तुम्ही ताटावरनं बोंबललात. मामांजींनी दोनदा मागून खाल्ली."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही ग्लासात नाक घालून बसला होता, अहो. कुणाला सांगायचं?"

त्या रात्रीच्या जेवणात मी नाक चिमटीत धरून एक घास खाऊन बघितला. भाकरी म्हणजे ओला पुठ्ठा. वांगं म्हणजे काहीतरी मऊ. तिखट तेवढं जाणवलं, पण ते जिभेला चावल्यासारखं. चव म्हणून नाही. मी नाक सोडलं, जग परत आलं. अण्णा समोर शांतपणे जेवत होते. त्यांना नाक सोडायची सोय नव्हती. पारख केलेला माणूस तो. गवयाला बहिरेपण यावं आणि त्यानं रोज मैफलीत बसून मान डोलवत राहावं, तसं दीड वर्ष ते आमच्या पंगतीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. पुढ्यात वर्तमानपत्रावर कासारीकाठच्या गुळाचा मोठा खडा. "बस हितं. त्या बाईनं मोजायला शिकवलंय न्हवं? मग खा, आणि सांग."

मी खाल्ला. "आधी गोड लागतंय."

"गूळ हाय म्हटल्यावर गोडच लागणार की, मास्तर. पुढं?"

"धूर."

"कशाचा? चिपाडाचा का लाकडाचा?"

"लाकडाचा असावा."

"परत खा."

असा माझा दुसरा वर्ग सुरू झाला. त्यात थुंकायचं भांडं नव्हतं आणि प्रमाणपत्रही नव्हतं. मला ज्या शब्दांची नुसती मिरवणूक काढायची होती ते शब्द आता खरोखर लागायला लागले, कारण समोरच्याला दुसरी वाटच नव्हती. मी म्हणायचो, "भाजक्या शेंगदाण्याच्या सालीसारखं काहीतरी," आणि अण्णांचा चेहरा उजळायचा: "म्हंजे पाक बराबर आलाय." मी म्हणायचो, "कच्च्या उसाचं हिरवट लागतंय," ते म्हणायचे, "शेंड्याचं हिरवं वाढं ऱ्हायलं असंल उसाला." माझ्या जिभेवरून ते त्यांच्या आठवणीत जात आणि तिथं बसून चाखत. मधूनच त्यांचा जबडा हलायचा. तोंडात काही नसायचं.

बाजीरावदादांच्या रानाची एक खूण होती. खालच्या अंगाला पाणी साचून जमीन जराशी खारावलेली. तिथला गूळ गिळल्यावर शेवटाला किंचित खारट यायचा. बाजारात तो उणा मानतात. अण्णांना मात्र तोच आवडायचा. "त्यो गूळ खोटं बोलत न्हाई," म्हणायचे. "जिमीन जशी हाय तशी सांगतो." ती खारट रेघ मला पंधरा दिवस सापडली नाही. सोळाव्या दिवशी सापडली. गिळलं, मोजलं, सातावर आली. मी ओरडलोच. अण्णांनी माझ्या पाठीत एक धपका घातला. इतका आनंद मला पेट्रोल पंपाचा झाला नव्हता.

तर हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगायला पाहिजे. अण्णा निवृत्त होऊन जमाना झाला तरी हंगामात गुऱ्हाळवाले घरी यायचे. यार्डात रवे नेण्याआधी कागदात एक खडा बांधून आणायचे. "अण्णा, बघा की." अण्णा बघायचे, सांगायचे, आणि अण्णांनी पास केलाय म्हटल्यावर यार्डात कुणी दुसऱ्यांदा कोपरा फोडायचा नाही. दीड वर्ष अण्णांनी ते नजरेवर आणि बोटांवर निभावलं होतं. साखर मिसळली असली तर त्यांच्या बोटांना कणी करकरायची. पण बाकीचं सगळं जिभेचं काम. "ही माणसं माझ्या जिभेसाठी येत्यात," ते मला म्हणाले. "जीभ गेली म्हटल्यावर यायची न्हाईत. मग मी करू काय दिवसभर? भिंतीकडं बघू?"

म्हणून आम्ही एक नाटक बसवलं. कुणी आलं की अण्णा खडा माझ्याकडं सरकवायचे. "तू सांग आधी. शिकतोयस न्हवं?" मी सांगायचो, ते एक-दोन प्रश्न विचारायचे, आणि शेवटी निकाल द्यायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा पोराला तयार करतोय. ते काही खोटंही नव्हतं. वाईनच्या उरलेल्या पानांवर मी गूळ लिहायला लागलो: रंग, वास, चव, शेवट. आणि खाली, चाखणारा: अण्णा. दर वेळी अण्णा. जीभ माझी, नाव त्यांचं. मला त्यात मोठी पितृभक्ती वाटायची.

त्यानंतरचा एक हिवाळा असा गेला. गेल्या हिवाळ्यात अण्णा अंथरुणाला लागले. तरी खडे येत राहिले, आता खाटेपाशी. आणि बाजीरावदादा आले.

कागद सोडला. गूळ बघण्यासारखा होता, सोन्याच्या रंगाचा. मी तोंडात घातला. गोड. पुढं काही नाही. धूर नाही, शेंगदाण्याची साल नाही. नुसतं सपाट गोड, चहात साखर जास्त पडल्यासारखं. मी गिळलं. मोजलं. सात गेले, दहा गेले, बारा गेले.

बाजीरावदादा खाटेच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर माझ्या तोंडाकडं. लहानपणी ह्या माणसानं मला खांद्यावरून गुऱ्हाळात नेलंय, उसाच्या कांड्यावर गरम काकवी दिलीय.

"शेवटाला खारट येतंय का?" अण्णांनी विचारलं.

"येतंय," मी म्हणालो.

अण्णांनी हात पुढं केला. मी खडा त्यांच्या बोटांत दिला. त्यांनी तो चुरडला, हळूहळू, बराच वेळ. माझ्याकडं बघितलं. मग बोटं चादरीला पुसली आणि बाजीरावदादांना म्हणाले, "चांगला हाय. पोरगं म्हणतंय."

आठच दिवसांत यार्डातला एक जुना माणूस अण्णांना बघायला आला. सफरचंदं आणली होती. बोलताबोलता हसून म्हणाला, "अण्णा, बाजीरावाचा माल तुम्ही पास केलाय म्हणून वर तोंड करून सांगत हुता की त्यो. निम्मी साखर त्यात! सगळा बाजार हसला. जाऊ दे, वय झालं तुमचं."

"व्हय," अण्णा म्हणाले. "वय झालं."

मी चहाचे कप घेऊन दारात उभा होतो. माझ्या तोंडात एक वाक्य होतं, तीन-चार शब्दांचं. ते मी गिळलं.

तो माणूस गेल्यावर अण्णा छताकडं बघत म्हणाले, "चव सांगताना समोर कोण बसलंय ते बघायचं न्हाई. तू माझं डोळं बांधलंस. तुझं बांधायला पायजे हुतं."

त्यानंतर एकही कागदाची पुडी घरात आली नाही. शिमग्याआधी अण्णा गेले. आम्ही दोघांनी मिळून दोन वर्षं जे लपवलं ते शेवटच्या महिन्यात सगळ्यांना कळलं, असं लोकांना वाटतं. खरं तर बाजारात कुणालाच काही कळलेलं नाही. लोकांना अण्णांची जीभ चुकली एवढंच माहीत आहे. ती त्या दिवशी चुकली नव्हती. ती तिथं नव्हतीच.

परवाचा तो वास मला सोडेना. म्हणून काल सुट्टी होती ती साधून कासारीकाठी गेलो. बाजीरावदादा काहिलीपाशी होते, थकलेत आता. मला बघून उठले नाहीत, नुसतं पोतं सरकवलं. मी बसलो आणि वर्षभर तोंडात धरलेलं बोललो. "दादा, गेल्या वर्षी ती जीभ अण्णांची नव्हती. त्यांना चव लागतच नव्हती. मी चाखला होता. साखर मला कळली होती. मी खोटं बोललो."

दादांनी चुलवाणात चिपाडाची एक पेंढी सारली. जाळ भडकला तसे जरा मागं सरले.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "साखर मीच घातलीती की. पोरं म्हणाली रंग येतोय, खारट झाकतंय. अण्णांनी बोटात चुरडला तवाच मी वळखलं, त्यांच्या हाताला साखर घावली. म्हटलं, आता बोलणार. न्हाई बोललं. तुला माझ्यापुढं खोटा पाडायचा न्हवता त्यांना." मग जाळ सारखा करत, "आणि बाजार हसला तवा मी तिथंच हुतो. मीबी गप बसलो."

काहिलीत रस खदखदत होता. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो. मी काही मोठं प्रायश्चित्त घ्यायच्या तयारीनं गेलो होतो. तिथं आधीच एकजण बसलेला निघाला. दोन अपराधी एका जाळापुढं बसले की ऊब येते, पण ती नुसत्या जाळाची.

उठताना दादांनी कोपऱ्यातला रवा फोडला. काळपट, ओबडधोबड. "ह्यो यंदाचा. बिनसाखरेचा. बघ," म्हणाले. मग जरा चाचरत, "अण्णांसारखा बघ."

मी खिशातून रुमाल काढला. दादा हसले नाहीत. मी डोळे बांधले. खडा आधी बोटांत चुरडला, मग तोंडात घातला. गोड. धूर, चिपाडाचा. शेंगदाण्याची साल. गिळलं. मोजायला लागलो. पाच. सहा. सातावर ती रेघ आली, बारीक, जिभेच्या दोन्ही कडांना, आणि राहिली.

"खारट आहे, दादा," मी म्हणालो. "बाजारात उणा धरतील."

"धरू देत," अंधारातून आवाज आला.

आज सकाळी ती वही काढली. नवीन पान भरलं. चाखणारा म्हणून खाली माझं नाव घातलं. मग मागं गेलो, गेल्या वर्षीच्या पानावर, जिथं 'शेवट: खारट' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. ते तसंच ठेवलं. खालच्या ओळीतलं अण्णांचं नाव तेवढं खोडलं, आणि तिथंही माझं लिहिलं.